तिसऱ्या नंबरावर गप्प

नारीनच्या डेपोत पहाटेचे उणे चोवीस.
व्हॅन भिंतीला नाक लावून उभी.
मी उजवीकडच्या दारातून आत, उताणा,
डोकं पायपुसणीवर, बूट बाहेर बर्फात,
दातांत टॉर्च.

आवाज जुना आहे.
पहिल्या नंबरावर चिमणी,
दुसऱ्यावर जात्यात खडा,
तिसऱ्यावर अचानक गप्प,
चौथ्यावर तापात कण्हणारं माणूस.
भावाने तीन हिवाळे तिसऱ्यावरच काढले.
"तिला काय मानवतं ते गाडीच सांगते," म्हणायचा,
आणि रेडिओ मोठा करायचा.
यंदा तिसराही वाजू लागला.

आधी समोरचा कप्पा रिकामा केला:
विम्याचा कागद, मुदत संपलेला. एक हातमोजा, डावा.
त्याचा चष्मा. तो मी खिशात टाकला, का ते माहीत नाही.
मग चार स्क्रू. त्यातला चौथा कुणीतरी आधीच हरवलेला.
कुणी, ते मला ठाऊक आहे.
बॅटरीची काळी वायर सुटी आहे ना, दोनदा पाहिलं.
थंडीत प्लॅस्टिक बिस्किटासारखं होतं,
म्हणून प्लगची खिट्टी ओंजळीत धरून फुंकर घातली
नुकत्या जन्मलेल्या कोकराच्या नाकावर घालतात तशी,
तेव्हा कुठे ती सुटली.
तीन बोल्ट, अर्धा वळसा,
आणि मोटर धपकन छातीवर,
कोबीच्या गड्ड्याएवढी, गार.

पंख्याच्या पिंजऱ्यात काय नव्हतं!
जूनमध्ये बिश्केकभर उडणारा पॉपलरचा कापूस,
काळा पडून नमद्यासारखा थापलेला.
तिकिटाचा कोपरा. एक माशी, अख्खी.
आणि टरफलं, सूर्यफुलाच्या बियांची.
मूठभर, मग अजून एक मूठ,
प्रत्येक नीट मधोमध फोडलेलं.

सिगारेट सोडली तेव्हापासून तो बिया खायचा.
एक हात स्टेअरिंगवर, एक खिशात.
टरफलं काचेखालच्या फटीजवळ रचायचा,
"घाट उतरलो की टाकतो."
डोलोन उतरला की कोचकोर, कोचकोरला चहा,
टाकायचं राहून जायचं.

नाव तोकतोसुन. म्हणजे थांबू दे.
आधीची दोन हाती लागली नाहीत
की आमच्यात असं नाव ठेवतात.
थांबला. बावन्न वर्षं थांबला.

दात घासायच्या जुन्या ब्रशने पातं न् पातं घासलं.
दांडीच्या बुडाशी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब,
एकच. दुसरा पडला की धुळीला घर मिळतं.
बोटाने ढकललं तर फिरतच राहिला पंखा
कितीतरी वेळ, चकार शब्द न काढता.

टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळली.
डेपोच्या पिंपाशी दोनदा गेलो.
दुसऱ्यांदा टाकली.

सातला अकरा माणसं भरली.
पुढे बुरुल आपा, मांडीवर लोण्याचा डबा.
एरवी ती गाव सुटायच्या आत घोरू लागते.
आज झोपेना.
"हीटर मेला का रे?"
"हात लावून बघा, आपा."
तिने झरोक्यावर तळवा धरला. ऊन वारा.
"मग बोलत का नाही तो?"
मागे एक नवरा-बायको बँकेच्या हप्त्यावरून
हळू आवाजात भांडत होती. ते सगळ्यांना ऐकू आलं.
मग तीही गप्प झाली.
एक पोरगा खोकला आणि त्याने माफी मागितली.
इतकी शांतता आमच्या गाडीला परवडत नाही.

पहिल्या वळणावर आपाने कोटाच्या खिशातून मूठ काढली
आणि माझ्या मांडीवर ओतली. "घे. लांब जायचंय."
मी सात-आठ फोडल्या.
टरफलं मुठीत धरली, मुठीतून खिशात,
चष्म्याशेजारी.
एक निसटलं.

काचेखालच्या फटीत वाकून बघावं
इतका रस्ता सरळ नव्हता.